पिल्लाचे मागचे पाय वाकडे दिसतात? आधी वय बघा, कॅल्शियमची बाटली नंतर

लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की बऱ्याच घरांत एकच प्रश्न निघतो : याचे मागचे पाय असे का? मागून पाहिलं तर टाचा एकमेकींकडे वळलेल्या आणि पंजे बाहेर फाकलेले. कुत्री पाळणारे याला 'काऊ हॉक' म्हणतात, कारण गाईची मागची ठेवण साधारण अशीच असते. मग कोणीतरी सांगतं आणि मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली येते. नेमकं इथंच बिघडतं.

वाढीच्या काळात सगळी हाडं एका वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे 4 ते 8 महिन्यांच्या पिल्लाची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच दिसणं, चाल लटपटती असणं, टाचा थोड्या आत येणं हे नेहमीचंच. मांड्या भरल्या की बहुतेक वेळा ते निवळतं. बागलकोटकडचं मुधोळ हाउंड तर या वयात नुसत्या काड्यांचं दिसतं. हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या लहान जातींत साधारण 8 ते 10 महिन्यांत बंद होतात, मोठ्या जातींत 12 ते 18 महिने लागतात. तोवर पायाच्या ठेवणीवर शेवटचा शिक्का मारू नये.

काळजी करायची ती दिसण्यापेक्षा चालण्याची. पिल्लू पळताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलून सशासारखं उड्या मारतं, बसल्यावर उठायला वेळ लावतं, जिना टाळतं, तर खुब्याचा सांधा सैल असण्याची शंका घ्यावी. याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. हा दोष बराचसा आनुवंशिक असतो, आणि लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांत जास्त आढळतो. पॉमेरेनियनसारखं छोटं कुत्रं चालता चालता एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडतं आणि पुन्हा नीट चालतं, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. एकाच पायाने लंगडणं, सूज किंवा हात लावल्यावर ओरडणं असेल तर वय न बघता डॉक्टर गाठावा.

आता कॅल्शियमचं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. पिल्लांसाठीचा तयार संतुलित आहार चालू असताना वरून बाटली दिली, तर मोठ्या जातींत हाडांची वाढच बिघडू शकते. उलट नुसत्या मटणावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम खरंच कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात. तिथेही मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. गुटगुटीत पिल्लू कौतुकाचं, पण सैल खुब्यावर प्रत्येक जादा किलोचा भार पडतो. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

घरची गुळगुळीत फरशीही छळते, घसरणारे पाय फाकत जातात. पिल्लू वावरतं तिथे गोणपाट किंवा जाड सतरंजी टाकली तरी फरक पडतो. नॉर्वेतल्या एका पाहणीत तीन महिन्यांआधी रोज जिना चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त, तर मऊ जमिनीवर मोकळं खेळलेल्यांत कमी आढळला होता.

शंका असेल तर खुब्याचा एक्स-रे काढतात, त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. पैदाशीचा विचार असेल तर दोन वर्षं पुरी झाल्यावरचा एक्स-रे धरतात. पिल्लू विकत घेताना आईबापांचा तोच एक्स-रे मागावा. विकणारा कुरकुरला तर दुसरीकडे बघावं.