अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार. चाल सुरू होताना सेंटर हा खेळाडू पायांमधून मागे देतो तो चेंडू बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्या हाती येतो. कोणती चाल खेळायची हे बाकीच्या दहा जणांना तोच सांगतो, समोरच्यांची मांडणी बघून ऐन वेळी ती बदलतो आणि प्रतिस्पर्धी अंगावर येऊन आदळण्याआधी, दोन-तीन सेकंदांत, चेंडू लांब फेकायचा, शेजारच्याला सोपवायचा की स्वतःच घेऊन पळायचे हे ठरवतो. जिंकल्याचे श्रेय आधी त्याला मिळते आणि हरल्याचा ठपकाही आधी त्याच्यावर येतो. कृष्णवर्णीय खेळाडूंना या जागेपासून कित्येक दशके दूर ठेवले गेले.

दूर ठेवण्याची रीत साधी होती. महाविद्यालयीन संघाचा क्वार्टरबॅक म्हणून नाव कमावलेला कृष्णवर्णीय तरुण व्यावसायिक संघात आला, की त्याची जागा बदलली जाई. त्याला चेंडू झेलणारा रिसिव्हर किंवा बचाव फळीतला खेळाडू केले जाई. कारण दिले जाई त्याच्या वेगाचे. मनातले कारण वेगळे असे : हा पळेल, झेपावेल, पण डोके शांत ठेवून संघ चालवणे याला जमणार नाही. समाजशास्त्रज्ञ जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्वोग यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांत कृष्णवर्णीय खेळाडू कडेच्या जागांवर दाटलेले असतात आणि निर्णयाच्या, मध्यवर्ती जागा गोऱ्यांकडे असतात. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्याविरुद्ध दादही मागता येत नव्हती.

आरंभ मात्र आशेचा होता. आज नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) म्हणून ओळखली जाणारी संघटना १९२० मध्ये उभी राहिली आणि पहिल्याच हंगामात विजेत्या ठरलेल्या अ‍ॅक्रन संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. पुढच्याच वर्षी तो त्या संघाचा सहप्रशिक्षकही झाला. १९२३ मध्ये हॅमंड संघाकडून तो क्वार्टरबॅकच्या जागेवर खेळला, म्हणून पहिलेपणाचा मान अनेक जण त्यालाच देतात. त्या काळची खेळाची मांडणी निराळी होती आणि लांब फेकीला आजचे महत्त्व नव्हते, हे ध्यानात ठेवूनच तो मान द्यावा लागतो. १९३३ च्या हंगामात जो लिलार्ड आणि रे केम्प हे दोघेच कृष्णवर्णीय उरले होते. ते गेल्यावर १९४५ पर्यंत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मालकांनी आपसांत घातलेली ती मूक बंदी होती. १९४६ मध्ये क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. सार्वजनिक पैशातून बांधलेले तिथले कोलिझियम मैदान हवे असेल तर कृष्णवर्णीयांना संघात घ्या, असा आग्रह तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला आणि केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना करार मिळाले. विद्यापीठात असताना वॉशिंग्टन उत्तम फेकी करत असे. लीगचे दार उघडले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचे गुडघे दुखावलेले होते.

१८ ऑक्टोबर १९५३ रोजी शिकागो बेअर्सने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध विली थ्रोअरला मैदानात उतरवले. आधुनिक मांडणीत या जागेवर खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू केन्सिंग्टनचा हा मुलगा, हाताचे पंजे विलक्षण मोठे, आणि आडनावाचा अर्थच ‘फेकणारा’. त्याने आठ फेकी केल्या, तीन झेलल्या गेल्या, २७ यार्ड मिळाले. संघ गोलरेषेजवळ पोहोचला तेव्हा त्याला बाहेर बोलावून नेहमीचा क्वार्टरबॅक जॉर्ज ब्लँडाला परत पाठवण्यात आले. पुढच्या हंगामात थ्रोअर लीगमध्ये नव्हता. १९५५ मध्ये ग्रीन बेकडून चार्ली ब्रॅकिन्स एका सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि दोन फेकींनंतर त्याचीही कारकीर्द संपली.

खरी कोंडी फोडली ती मार्लिन ब्रिस्कोने. ओमाहा विद्यापीठाच्या या क्वार्टरबॅकला डेन्व्हर ब्रॉन्कोजने १९६८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौदाव्या फेरीत घेतले ते बचाव फळीसाठी. ब्रिस्कोने आपला करार स्वतः बोलून ठरवला आणि त्यात एकच अट घातली : तीन दिवस मला क्वार्टरबॅक म्हणून आजमावून पाहा. डेन्व्हरचे सराव पत्रकारांना आणि लोकांना बघता येत, हे त्याला ठाऊक होते. चार लोकांनी आपली फेक पाहिली तर ती विसरली जाणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. चाचणी झाली, आणि तरी त्याला बचाव फळीतच पाठवले गेले. मग पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला, दुसऱ्याला सूर सापडेना. २९ सप्टेंबरला बॉस्टनविरुद्ध अखेरच्या सत्रात त्याला बोलावणे आले. पहिलीच फेक २२ यार्डांची, अचूक. पुढच्या चढाईत त्याने संघाला ८० यार्ड नेले आणि शेवटचे अंतर स्वतः पळून टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला. ६ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध तो पहिल्यापासून खेळला. आधुनिक काळात अमेरिकेत व्यावसायिक सामना सुरू करणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक तोच. त्या हंगामात त्याने टचडाउनच्या १४ फेकी केल्या. ब्रॉन्कोजच्या नवख्या क्वार्टरबॅकमध्ये हा विक्रम २०२४ पर्यंत टिकला. आणि १९६९ च्या उन्हाळ्यात त्याला कळले, की क्वार्टरबॅकांच्या बैठका त्याला न बोलावता सुरू झाल्या आहेत. त्याने संघ सोडला, बफेलोला जाऊन रिसिव्हरचे काम शिकून घेतले आणि १९७० मध्ये हजारावर यार्ड मिळवले. १९७२ मध्ये एकही सामना न हरलेल्या मायामी संघातही तो होता. मात्र क्वार्टरबॅक म्हणून तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. चौदा टचडाउन करून दाखवणाऱ्या माणसाला दुसरा हंगाम नाकारणे, हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत उघडा अन्याय आहे.

बफेलोत त्याला भेटला जेम्स हॅरिस. लुइझियानातील ग्रॅम्बलिंग हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ, आणि तिथले प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी व्यावसायिक दर्जाचा क्वार्टरबॅक घडवायचाच असा ध्यास घेतला होता. जागा बदलायला तयार झाला असता तर हॅरिसची निवड बरीच लवकर झाली असती. तो तयार झाला नाही आणि आठव्या फेरीपर्यंत थांबला. १९६९ च्या हंगामाचा पहिलाच सामना त्याने सुरू केला. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सला बाद फेरीचा सामना जिंकून देणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या जो गिलियमने सहा सामन्यांत चार विजय, एक बरोबरी आणि एकच हार अशी कामगिरी करूनही जागा गमावली. दोघांनाही जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत.

ज्यांना जागा बदलणे मान्य नव्हते त्यांच्यासाठी उत्तरेची वाट उरली होती. मिनेसोटा विद्यापीठाला १९६० चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा सँडी स्टीफन्स कॅनडात खेळला. टेनेसी विद्यापीठाचा काँड्रेज हॉलोवेही तिकडेच गेला. टोलेडो विद्यापीठाचा चक इली तीन हंगामांत ३५ सामने खेळला आणि ३५ जिंकला. क्वार्टरबॅक म्हणून घेणार नसाल तर मला घेऊच नका, असे त्याने १९७२ च्या ड्राफ्टआधी संघांना कळवले. ड्राफ्टच्या सतराही फेऱ्यांत त्याचे नाव कोणी घेतले नाही. त्याच वर्षी हॅमिल्टनला त्याने कॅनडाच्या लीगचा विजेतेपदाचा ग्रे कप जिंकून दिला. सहा वर्षांनी वॉरन मूनचेही तेच झाले. महाविद्यालयीन रोझ बोल सामन्यात सर्वोत्कृष्ट ठरलेला मून कॅनडातल्या एडमंटनला गेला आणि त्याच्या संघाने १९७८ ते १९८२ असे सलग पाच ग्रे कप जिंकले. मग मात्र एनएफएलचे संघ त्याच्यासाठी चढाओढीने बोली लावू लागले. १९८४ मध्ये तो ह्यूस्टनला आला.

डग विल्यम्स हाही एडी रॉबिन्सन यांचाच शिष्य. १९७८ मध्ये टँपा बेने त्याला पहिल्या फेरीत निवडले. त्याआधी हा संघ सलग २६ सामने हरला होता. विल्यम्सने पाच हंगामांत तीनदा त्याला बाद फेरीत नेले. १९८२ मध्ये त्याचा पगार १,२०,००० डॉलर होता आणि अनेक संघांच्या राखीव क्वार्टरबॅकनाही त्याहून जास्त मिळत होते. त्याने ६,००,००० मागितले. मालक तयार झाला नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये मेंदूच्या गाठीने त्याची पत्नी वारली, पदरात तान्ही मुलगी. त्याने टँपा सोडले आणि नव्या यूएसएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. ती लीग बुडाल्यावर १९८६ मध्ये वॉशिंग्टनने त्याला राखीव म्हणून घेतले.

३१ जानेवारी १९८८, सॅन दिएगो, सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक विल्यम्स, आदल्या दिवशी त्याच्या दाताच्या मुळावर उपचार झालेले. पहिल्या सत्रात पाय घसरून गुडघा मुरगळला, तो लंगडत बाहेर गेला. डेन्व्हर १०, वॉशिंग्टन शून्य. दुसऱ्या सत्रात तो परतला आणि ८० यार्डांची फेक रिकी सँडर्सच्या हातात पडली. मग गॅरी क्लार्कला २७ यार्ड, टिमी स्मिथची ५८ यार्डांची धाव, पुन्हा सँडर्सला ५० आणि क्लिंट डिडियरला ८. अठरा चाली, पाच टचडाउन, ३५ गुण, एकाच सत्रात. सामना ४२–१० असा संपला, विल्यम्सने ३४० यार्ड मिळवले आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. एडी रॉबिन्सन प्रेक्षकांत होते.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे मानू नये. सुपर बोल सुरू करणारा पुढचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, स्टीव्ह मॅकनेअर, बारा वर्षांनी आला आणि जिंकणारा पुढचा, रसेल विल्सन, २६ वर्षांनी. पण निवडीचा कल बदलला. १९९९ मध्ये पहिल्या अकरा जणांत तीन कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होते, २००१ मध्ये मायकल व्हिक सर्वांत पहिला निवडला गेला. २००३ मध्ये मॅकनेअर मोसमातील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या किताबाचा पेटन मॅनिंगबरोबर संयुक्त मानकरी झाला. बदल सगळीकडे सारखा नव्हता : न्यूयॉर्क जायंट्सने तर डिसेंबर २०१७ मध्ये जीनो स्मिथला उतरवेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला सामना सुरू करू दिला नव्हता.

जुने शब्दही पूर्ण गेले नव्हते. महाविद्यालयीन फुटबॉलच्या हाइझमन चषकाचा मानकरी लामार जॅक्सनने रिसिव्हर व्हावे, असा सल्ला २०१८ मध्ये एका माजी संघ-व्यवस्थापकाने जाहीरपणे दिला. जॅक्सनने रिसिव्हरच्या चाचण्या द्यायला नकार दिला. ३१ निवडी झाल्यावर बाल्टिमोरने त्याला घेतले आणि २०१९ मध्ये त्याने टचडाउनच्या ३६ फेकी करत एकमताने सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब मिळवला. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स समोरासमोर आले. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला हा पहिला अंतिम सामना. ब्रिस्को त्याआधी साडेसात महिने, जून २०२२ मध्ये, वारला होता.

या खेळाडूंची थोरवी आकड्यांवर तोलणे अवघड आहे. मून २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या कॅन्टन येथील सन्मान दालनात दाखल झालेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. त्याच्या नावावर एनएफएलमधील ४९,३२५ यार्ड आहेत. कॅनडात फेकलेले २१,२२८ यार्ड त्या बेरजेत धरले जात नाहीत. स्टीफन्स आणि इलीच्या नावावर एनएफएलमधला एकही यार्ड नाही. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान दालनात इलीची निवड झाली ती २०२२ मध्ये, शेवटचा महाविद्यालयीन सामना जिंकल्याला पन्नास वर्षे उलटल्यावर.