चित्रफीत म्हणजे खेळ नव्हे

दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषांवरून आणि बक्षिसांच्या कार्यक्रमांवरून संगणकासाठी व मोबाइलसाठी खेळ निघाले. त्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्या आता मिळत नाहीत असं म्हटलं, की एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं. मूळ कार्यक्रमाचं चित्रण आहे, खेळ ही त्याची नक्कल आहे. अस्सल हाताशी असताना नकलेच्या कच्च्या खर्ड्यासाठी कशाला हळहळायचं? हा पूर्वपक्ष जाणकारही मांडतात. तो मला साफ अमान्य आहे.

पहिली गोष्ट, अस्सल हाताशी असतंच असं नाही. अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेचं पहिलं पर्व 1964 ते 1975 असं अकरा वर्षं चाललं. चित्रफिती महाग होत्या, म्हणून जुनं पुसून त्यांवर नवं भरण्याची तिथल्या वाहिन्यांची रीत होती. त्या पर्वाचे मोजकेच भाग आज शिल्लक आहेत.

पण समजा, सगळं चित्रण उपलब्ध आहे. तरीही चित्रण म्हणजे खेळ नव्हे. ‘कौन बनेगा करोडपती’ (केबीसी) 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लसवर सुरू झाला. पंधरा प्रश्न, हजारापासून एक कोटीपर्यंतची चढण, दहा हजार आणि तीन लाख वीस हजार हे दोन सुरक्षित टप्पे. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकले. तो भाग पाहिला तर नवाथे कसे खेळले ते कळतं. घरी बसलेल्या माणसाला तेच प्रश्न कुठे अडवत होते, हे त्यात कुठेच नाही. मोठा प्रेक्षक तर घरीच होता, आणि त्याच्या वाट्याला हॉट सीट आली ती अशा खेळांतूनच.

शिवाय कार्यक्रमाचा खेळ करताना बनवणाऱ्याला असे निर्णय घ्यावे लागतात, जे पडद्यावर कधी दिसत नाहीत. लाइफलाइनच घ्या. स्टुडिओत प्रेक्षकांचा कौल घेतला की खरी माणसं खरी बटणं दाबतात. यंत्रात माणसं नसतात. कौल गणितानं तयार करावा लागतो. पाचव्या प्रश्नाला जनता किती वेळा बरोबर असेल आणि बाराव्याला किती वेळा फसेल, हा अंदाज कुणीतरी आकड्यांत लिहून ठेवलेला असतो. फोनवरच्या मित्राचंही तसंच: त्याला किती हुशार ठेवायचं, त्यानं किती खात्रीनं बोलायचं? सर्वसामान्य माणसाच्या ज्ञानाबद्दल त्या काळातल्या बनवणाऱ्यांची काय समजूत होती, हे या आकड्यांइतकं उघडपणे दुसरं काहीच सांगत नाही. पुढच्या आवृत्त्यांत हे आकडे बदलतात, म्हणून पहिला खर्डा मोलाचा. त्याला नक्कल म्हणणं मला पटत नाही. तो कार्यक्रमाचा अर्थ लावण्याचा पहिला प्रयत्न आहे.

पहिली आवृत्ती हरवली की काय होतं, याचा धडा मराठी माणसाला बाहेर शोधायला नको. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं शिल्लक आहेत, ती फाळक्यांच्या 1913 च्या चित्रपटाची की त्यांनीच 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. जे टिकतं तेच पहिलं मानलं जातं. केबीसीच्या पहिल्या पर्वात उत्तरासाठी घड्याळ नव्हतं. ते नंतर आलं. आजच्या ॲपवर खेळणारा मुलगा घड्याळासकट खेळतो. 2000 सालीही असंच होतं असं त्यानं मानलं, तर त्याला खोडून काढायला खेळता येण्याजोगा पुरावा कुठून आणणार?

‘डिजिटल गोष्ट कुठे ना कुठे राहतेच’ हा याच पूर्वपक्षाचा दुसरा आधार. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं 2023 मध्ये केलेल्या पाहणीत, 2010 पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. हे पूर्ण होऊन विकले गेलेले खेळ. अर्धवट आवृत्त्यांची तर मोजदादच नाही. दूरचित्रवाणीवरच्या ‘वन व्हर्सेस हंड्रेड’चा एक्सबॉक्सवरचा खेळ 2009 मध्ये आला. ठरलेल्या वेळी हजारो लोक एकत्र खेळत. 2010 मध्ये तो बंद झाला. खेळ सर्व्हरवर चालत होता, त्यामुळे खेळणाऱ्याच्या हाती काहीच उरलं नाही. 2017 पासून केबीसीचे प्रेक्षक कार्यक्रम चालू असतानाच मोबाइलवरून उत्तरं देऊ लागले. त्याचाही कणा सर्व्हरच आहे.

यावर कुणी म्हणेल, काशीतले दगडी घाटसुद्धा टिकले नाहीत, मग खेळाचं काय! तेही तपासू. संकठा घाटाला लागून शिंदे घाट आहे. 1830 च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांच्या आश्रयानं झालेलं ते बांधकाम स्वतःच्याच भारानं खचलं. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आजही कललेलं दिसतं. पण खचलेल्या घाटाचे दगड उरतात, आणि त्याच काळात जेम्स प्रिन्सेपनं काशीची चित्रं काढून छापली, ती उपलब्ध आहेत. बंद केलेल्या सर्व्हरचा दगडही उरत नाही. नाश अटळ आहे, एवढ्यावरून नोंद अनावश्यक ठरत नाही. उलट तिची निकड वाढते.

यातले कितीतरी खेळ घाईघाईत, कार्यक्रमाच्या नावावर विकण्यासाठी बनले होते, हे मान्यच आहे. पण पुरावा सुंदर असावा लागत नाही. जुन्या पंचांगाच्या कडेला खरडलेला हिशेबसुद्धा इतिहासकाराला पुरतो.

उपाय अवघड नाही. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानं प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह तीन शहरांतल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या कायद्याच्या व्याख्येत छापील नकाशा येतो, संगीताचं छापील पानही येतं; संगणकीय खेळ येत नाही. ती व्याख्या वाढवावी, आणि सर्व्हरवर चालणारा खेळ बंद करताना त्याची प्रत, प्रश्नसंचासह, जमा करणं निर्मात्यांवर बंधनकारक करावं. तोवर काम आपल्याच हाती आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत नाशापासून बचावासाठी करून ठेवू देतं. घरात अशा खेळाची सीडी किंवा तो खेळ असलेला जुना बटणांचा फोन पडून असेल, तर भंगारात देण्याआधी त्यातला खेळ उतरवून ठेवा आणि वर त्याचं वर्ष लिहा.