येशूचा शोध आणि आपली हिब्रू

डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईस आले. आपल्या पूर्वजांजवळ शेमा, शब्बाथ आणि सुंता टिकून होती. हिब्रू वाचणारे मात्र थोडेच. विल्सनसाहेबांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. हिब्रू शिकल्यावर बेने इस्राएल येशूकडे वळतील ही आशा. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले. बाप्तिस्मा फारच थोड्यांनी घेतला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर मास्तरांनी सिनेगॉगातल्या प्रार्थना मराठीत आणल्या.

युरोपात मात्र उलटा प्रवास सुरू झाला होता. चर्चची शिकवण बाजूला ठेवली तर येशू हा माणूस कोण होता, असे खुद्द ख्रिस्ती विद्वान विचारू लागले. हॅम्बर्गचे रायमारुस हे पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक. येशूला त्याच्या काळच्या ज्यू लोकांतच पाहिले पाहिजे, असे त्यांनी लिहिले, पण हयातीत छापण्याची छाती झाली नाही. १७६८ साली ते वारले. नंतर लेसिंगने त्यातले भाग छापले आणि मोठा गदारोळ झाला. पुढे राब्बी अब्राहाम गायगर यांनी येशू परुशीच होता असे म्हटले, तेही पुष्कळांना झोंबले.

१९२२ साली जेरुसलेममध्ये योसेफ क्लाउझनर यांचे ‘येशू हानोत्सरी’ हिब्रूत निघाले. ख्रिस्ती रागावले, आणि आपल्यातलेही!

मला सर्वांत पटतात ते ऑक्सफर्डचे गेझा वर्मेश. जन्म ज्यू घरात, लहानपणी बाप्तिस्मा, नंतर कॅथलिक पाद्री, अखेर पुन्हा ज्यू. आईवडील नाझींच्या छळात गेले. १९७३ च्या पुस्तकात त्यांनी येशूला होनी आणि हनिना बेन दोसा यांच्या पंगतीत बसवले. होनीने जमिनीवर वर्तुळ आखून देवाकडे पाऊस मागितला. हनिनाच्या प्रार्थनेने आजारी बरे होत. मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नाबीला नवस फेडणाऱ्यांना अशी माणसे परकी वाटू नयेत.

इथे शुगर लँडमध्ये डिसेंबरात शेजारी प्रेमाने विचारतात, ‘तुम्ही येशूला मानत नाही ना?’ आपली मंडळी विषय बदलतात. का बदलावा? ‘अदोनाय एहाद’ म्हणणारा त्याला देव मानणार नाही, हे सरळ सांगावे. पण तो माणूस समजून घ्यायला विद्वानांना आपली मिश्ना उघडावी लागली, हेही सांगावे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर मार्कच्या शुभवर्तमानात येशूचे उत्तर शेमानेच सुरू होते. बारावा अध्याय. मराठी बायबलातही आहे. नातवंडांनी विचारले तर काढून दाखवता येईल.