फांशांचें दान आणि पात्राची घडण

खेळांत अडचण किती असावी आणि ती कोणीं ठरवावी, हा प्रश्न सारीपाटाइतकाच जुना आहे. सारीपाटांत दान फांशांचें असतें. परंतु कोणती सोंगटी पुढें काढावयाची, हें खेळणाराच्या हातीं असतें. दैव आणि निवड यांची हीच वांटणी संगणकावरील भूमिका-खेळांत पुन्हां दिसून येते, आणि त्यांच्या काठिण्याचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या वांटणीचाच इतिहास होय.

या खेळांचें मूळ संगणकांत नसून कागद-पेन्सिलींत आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक खेळाडू एका कल्पित वीराची भूमिका घेई. वीराचें बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चापल्य व प्रभाव हे सहा गुण तीन-तीन फांसे टाकून ठरत. तिन्ही फांशांवर सहा पडून अठराचें दान लागण्याचा योग सरासरीनें २१६ वेळां एकदांच येतो. ज्याला तें लागलें नाहीं, त्यानें युक्तीवर आणि सोबत्यांवर निभावून न्यावें, अशी रीत होती. मात्र त्या बैठकींत खेळ चालविणारा एक मनुष्य असे. मंडळी फारच संकटांत सांपडली, तर तो शत्रूंचा जोर गुपचूप कमी करूं शके. काठिण्याचें नियमन तेथें माणसाच्या विवेकाकडे होतें.

संगणकापाशीं हा विवेक नव्हता. १९८१ सालीं अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठांतील तरुणांचा ‘विझर्ड्री’ हा खेळ बाहेर आला. त्यांत मेलेल्या वीराला उठविण्याचा विधि फसला, कीं त्याची राख होई. राखेवरील विधिहि फसला, कीं तो कायमचा नाहींसा होई. परंतु याच खेळांत कांहीं जादा गुण दैवयोगानें हातीं येत, आणि ते कोठें खर्चावेत हें खेळाडू ठरवी. पात्राची घडण, जिला खेळाडू ‘बिल्ड’ म्हणतात, ती येथें स्पष्टपणें दिसूं लागते.

१९९७ च्या ‘फॉलआउट’ खेळानें ही निवड अधिक खोल नेली. सात गुणांपैकीं प्रत्येकाचा आंकडा प्रथम पांच असे, आणि त्यांवर आणखी पांच गुण वांटावयास मिळत. फांसे मुळींच नव्हते. बुद्धि फार कमी ठेविली, तर वीराला धड बोलतां येत नसे आणि लोक त्याच्याशीं तसेंच वागत. तो दुबळा होता असें नव्हे. त्याच्यापुढें एक निराळेंच जग उभें राही. याच खेळांत काठिण्याची पातळी बदलण्याची सोयहि होती. म्हणजे शत्रूचें बळ किती आणि आपला वीर कोण, हे दोन प्रश्न येथें एकमेकांपासून वेगळे झाले.

परंतु ही फारकत नेहमींच टिकत नाहीं. २००० सालच्या ‘डायब्लो २’ मध्यें सर्व प्रवास तीन पातळ्यांवर क्रमानें करावा लागे, आणि एकदां कौशल्यांवर खर्चिलेले गुण परत घेतां येत नसत. शेवटच्या पातळीवर अनेक राक्षसांना अग्नीची, कित्येकांना शीताची बाधाच होत नसे. केवळ अग्निविद्येवर विसंबलेली मांत्रिका तेथें पोंचली, कीं तिची वाट अडे. पहिल्या कांहीं तासांत अजाणतां केलेल्या निवडीचें फळ अनेक आठवड्यांच्या खेळानंतर भोगावें लागे. ती अडचण शत्रूनें घातलेली नसून खेळाडूच्या अज्ञानानें घातलेली होती. २०१० सालीं एका सुधारणेनें गुणांची फेरवांटणी शक्य झाली.

उलट टोंक २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्यें आढळतें. तेथें वीर चढला, कीं शत्रूहि चढत. पुढें पुढें वाटमारेसुद्धां मोलाचीं चिलखतें घालून समोर येऊं लागत. ज्यानें लढाईखेरीज इतर कौशल्यांत प्रगति केली, तो प्रगतीमुळेंच दुर्बळ ठरे. पुष्कळांना मग पडद्यावरील काठिण्याची सरकपट्टी मागें ओढावी लागे.

जपानी ‘डार्क सोल्स’नें २०११ सालीं अशी पट्टी ठेविलीच नाहीं. तेथें जड ढाल, दूरवरून चालणारी मंत्रविद्या किंवा मदतीस बोलाविलेला दुसरा खेळाडू, यांनींच वाट सोपी करावयाची असते. घडण हीच काठिण्याची पट्टी होय. ही पद्धत समग्र आहे खरी. परंतु ज्याचे हात मंद चालतात किंवा दृष्टि अधू आहे, त्याला ही वाट कांहीं ठिकाणीं बंदच होते, हा आक्षेपहि तितकाच खरा आहे.

२०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ नें दोन्ही मार्ग खुले ठेविले. शंभर मोहरा दिल्या कीं वीराची घडण नव्यानें करतां येते. आणि ज्याला चुकीची किंमत मोजावयाचीच आहे, त्याच्यासाठीं त्याच वर्षाअखेर एकाच नोंदीवर चालणारी कठोर पातळीहि आली. बैठकींतील त्या चालकाचा विवेक यांत्रिक आंकड्यांनीं पुरता भरून निघत नाहीं; तो अखेर खेळणाराच्याच स्वाधीन करावा लागतो. मात्र निवड करतांना तिचा परिणाम समजावा, एवढी जबाबदारी खेळ रचणाराकडेच उरते.