एका लग्नाचा करार आणि वॉटर्लूचे रोखे

मराठी समीक्षेत एखाद्या पुस्तकाला 'रंजनप्रधान' हे विशेषण लागले की त्याचा निकाल लागल्यासारखाच असतो; पुढे कोणी काही विचारत नाही. इंग्रजीत जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेच्या वाट्याला नेमके हेच आले. पन्नासहून अधिक कादंबऱ्या, अफाट खप, आणि विद्यापीठांचे दीर्घकाळ मौन. १९३५ साली 'रीजन्सी बक' लिहून त्यांनी ज्या प्रकाराची वाट मळली, तो 'रीजन्सी रोमान्स' पुढे इतका पिकला की मूळ लेखिकाही त्या ढिगाखाली गाडली गेली. त्यांची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१) ही कादंबरी मी निव्वळ आनंदासाठी वाचली. तो आनंद नेमका कशाचा होता, याचा हिशेब येथे मांडावासा वाटतो.

राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजाराने राज्य करण्यास असमर्थ ठरला आणि १८११ च्या फेब्रुवारीत युवराजाकडे राजप्रतिनिधीपद आले. राजाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८२० च्या जानेवारीपर्यंत, ते चालले. हीच रीजन्सी. जेन ऑस्टिनच्या सहाही प्रमुख कादंबऱ्या याच अवधीत छापल्या गेल्या, शेवटच्या दोन तिच्या मृत्यूनंतर. परंतु ऑस्टिन समकालीनांसाठी लिहीत होती. पात्र कोणत्या घोडागाडीतून उतरले एवढे सांगितले की त्याची मिळकत, वय आणि थोडाफार स्वभावही वाचकाला कळे. हेयरबाईंना ही सोय नव्हती. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरच्या वाचकासाठी गाडी, घोडे, गळपट्ट्याची गाठ, भोजनाची वेळ हे सारे पुन्हा उभे करावे लागले, आणि तेही कथा न अडवता. त्यासाठी त्यांनी टिपणवह्या भरल्या, त्या काळच्या बाजारी बोलीचे कोश धुंडाळले. ऑस्टिन शिकवताना ज्या जागा विद्यार्थ्यांना रिकाम्या वाटतात, त्या जागी काय होते हे हेयर वाचल्यावर उमगते, असा माझा अनुभव आहे.

'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'चा नायक ॲडम डेव्हरिल हा स्पेनच्या युद्धातून लंगडत परतलेला सेनाधिकारी. वडिलांच्या मृत्यूने त्याला सरदारकी मिळते आणि तिच्यासोबत कर्जाचा डोंगर. प्रेम ज्युलियावर, ती देखणी आणि हळवी. लग्न मात्र जेनी चॉलीशी: ठेंगणी, स्थूल, रूपाने सामान्य, लंडनच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. व्यापाऱ्याला किताब हवा, सरदाराला पैसा. येथवर कथानक सर्वपरिचित आहे.

पण कायदा काय सांगत होता पाहा. विवाहित स्त्रीची रोकड आणि जंगम चीजवस्तू लग्नासरशी नवऱ्याची होई. ही स्थिती बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणून श्रीमंत बाप लग्नाआधी वकिलांना बसवून करार करवून घेत. कादंबरीच्या शीर्षकात हा करार आहे आणि इंग्रजी शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने सौजन्यही आहे. ॲडम जेनीशी शेवटपर्यंत सौजन्याने वागतो, आणि ते सौजन्यच तिला टोचत राहते, कारण तिचे त्याच्यावर आधीपासून प्रेम असते. ते ती बोलून दाखवत नाही. त्याला कोणते पदार्थ रुचतात, त्याच्या जमिनीचा निचरा कसा होईल, नव्या शेतीविषयी कोण काय म्हणतो, हे ती शिकून घेते. सासरा चॉली तर अफलातून आहे. जावयाला न विचारता तो शहरातले घर सजवून टाकतो. मगरीच्या पायांचे इजिप्शियन थाटाचे कोच काय! नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर ही इजिप्तची हौस युरोपभर पसरली होती. त्या कोचांवर अवघडून बसणाऱ्या ॲडमची लाज आणि चॉलीचे निर्व्याज प्रेम एकाच वेळी दिसते. वर्गभेदावर एवढे बोलके फर्निचर मी फार थोड्या 'गंभीर' कादंबऱ्यांत पाहिले आहे.

कळस येतो १८१५ च्या जूनमध्ये, आणि तोही रोखेबाजारात. पराभवाच्या अफवांनी लंडन हादरते. चॉली जावयाला निकडीने सांगतो, सरकारी रोखे विकून टाक. वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला ॲडम उलट खरेदी करतो. मेजर हेन्री पर्सी विजयाचे पत्र घेऊन २१ जूनच्या रात्री लंडनला पोहोचला, ही ऐतिहासिक गोष्ट. तोवरच्या तासांत हेयरबाई आपल्या नायकाला एकट्याने झुरत ठेवतात. प्रेमकथेतली सर्वांत उत्कट रात्र नायक प्रेयसीसाठी नव्हे, भावासाठी जागतो!

या जगाच्या कडेला मात्र बरेच काही राहून गेले आहे. यंत्रे फोडणारे विणकर, १८१९ ची पीटर्लूची कत्तल हेयरबाईंच्या दिवाणखान्यांत सहसा येत नाही. 'द ग्रँड सोफी' (१९५०) मधील ज्यू सावकाराचे चित्रण तर उघड विखारी आहे. आपल्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकावी. वेलिंग्टन आपल्याला वॉटर्लूआधी १८०३ च्या असईपासून ठाऊक आहे, आणि खडकीच्या लढाईपासून (नोव्हेंबर १८१७) दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीपर्यंतचे (जून १८१८) दिवस रीजन्सीतलेच. लंडनच्या नाचघरांतले ते मेणबत्त्यांचे झुंबर आणि शनिवारवाड्यावर चढलेले निशाण एकाच कालखंडाचे आहेत, हे इंग्रज वाचकाला आठवायचे कारण नाही. मला पानोपानी आठवत होते, आणि तरीही पुस्तक खाली ठेववेना. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

योगायोग असा की, रणजित देसाईंची 'स्वामी' पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, आली. तिच्या लोकप्रियतेतही माधवराव-रमाबाईंच्या सहजीवनाचा वाटा लढायांइतकाच आहे. तेथे सहजीवनाचा शेवट सतीच्या चितेवर होतो. जेनीच्या वाट्याला असे काही भव्य येत नाही. ज्युलियाचे दुसऱ्याशी लग्न होते, मूल जन्मते, आणि नवऱ्याला एक दिवस कळते की हिच्यावाचून आपले घर घर वाटणार नाही. ज्युलियावर होते तसे प्रेम त्याचे तिच्यावर कधीच बसत नाही. जेनीला हे माहीत आहे, आणि लेखिका ते झाकत नाही.