देवगिरीची पोती

हिमप्रदेशांत हंगामाचे पहिले बर्फ पडले की आजोबा नातवंडांच्या पायांस लांब पट्ट्या बांधून त्यांना उतारावर घसरावयास नेतात. आमच्या पडेगावी बर्फ कोठले? पावसाळा सरून थंडी पडू लागली की मी नातवंडांस घेऊन दौलताबादच्या रस्त्याने देवगिरी चढावयास निघतो.

निघण्यापूर्वी प्रत्येकाची शिदोरी सोडून पाहावयाची, हा माझा नियम. मुले हसतात, मग मी त्यांस इ. स. १२९६ ची हकीकत सांगतो. अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला, तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेली होती. रामदेवरावाने सुमारे सहाशे फूट उंचीच्या त्या दुर्गाचा आश्रय केला. घाईघाईने आत नेलेली पोती धान्याची म्हणून रचली गेली. उघडली तो आत मीठ! फिरिश्त्याने हे तीन शतकांनंतर लिहिले, म्हणून तपशील तोलूनच घ्यावा. परंतु शंकरदेव परतून लढला व हरला, आणि रामदेवरावास अपार द्रव्य देऊन तह करावा लागला, हे निश्चित. बावीस वर्षांत यादवांचे राज्यच लयास गेले.

यंदा धाकट्या नातीने उंबरठ्यावरच विचारले, ‘आजोबा, तुमची शिदोरी कोणी पाहिली?’ सोडली, तो कांदा आणि चटणी तेवढी. भाकरी चुलीपाशीच राहिलेली! मी निमूटपणे आत वळलो. अभेद्य कड्याच्या भरवशावर पोती न उघडणारा मी काही पहिलाच नव्हे.