शेंडेनक्षत्राची साक्ष

धूमकेतूला आपल्याकडे दोन नावे आहेत. 'धूमकेतू' हे पोथीतले, तर 'शेंडेनक्षत्र' हे अंगणातले. पहिल्यामागे वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील केतुचार आणि त्यातली शुभाशुभ फले उभी आहेत. दुसऱ्यात केवळ दिसलेल्या रूपाचे वर्णन आहे. रूप टिपण्याच्या या वृत्तीला एकोणिसाव्या शतकात छायाचित्राचे बळ मिळाले.

१८५८ च्या ऑक्टोबरात डोनातीचा धूमकेतू सायंकाळी पश्चिमेला झळकत होता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती; परंतु त्या काळच्या काचेवरील लेपाला इतका मंद उजेड सहजी पकडता येत नसे. २७ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्लंडात अशरवुड याने घेतलेले चित्र हे धूमकेतूचे पहिले छायाचित्र मानले जाते. पुढे १८८२ चा महाधूमकेतू डेव्हिड गिल याने केप येथे टिपला, तेव्हा त्यामागचे असंख्य तारेही काचेवर उमटले आणि छायाचित्रांवरून आकाशाचा नकाशा करण्याच्या कल्पनेने जोर धरला. साहित्याच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. दस्तऐवज हा कर्त्याच्या हेतूपेक्षा नेहमीच अधिक बोलतो.

पेण-रोह्याच्या आकाशाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. कोकणात धूमकेतूदर्शन ऋतूवर अवलंबून असते. जुलै २०२० मधला निओवाइज ऐन पावसाळ्यात आला. त्सुचिनशान-अ‍ॅटलास मात्र १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, नेमक्या दसऱ्याला, पृथ्वीच्या सर्वाधिक जवळ होता. त्यानंतर तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसू लागला. पण चारच दिवसांत कोजागरीचे चांदणे त्याच्या पुच्छावर पसरले.

कॅमेरा काही सेकंद उघडा राहिला की डोळ्याला न जाणवणारा प्रकाश साठवतो. मात्र तो निवड करीत नाही. पेणहून पश्चिमेकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात धूमकेतूबरोबर धरमतर खाडीकाठच्या डोलवीच्या कारखान्याचा उजेडही येणार; रोह्यात कुंडलिकेकाठी धाटावच्या औद्योगिक वसाहतीचा. छायाचित्रकाराला ही अडचण वाटते. उद्याच्या इतिहासकाराला मात्र या तालुक्यांची रात्र केव्हा आणि किती उजळली याचा तो पुरावा ठरेल.

त्यासाठी स्थळ, तारीख, वेळ, दिशा आणि प्रकाशनकाळ चित्राबरोबर लिहून ठेवायला हवा. या नोंदीविना धूमकेतूचे सुंदर चित्रही कालोल्लेख हरवलेल्या बखरीसारखे होते: वाचता येते, पण साक्षीला उभे करता येत नाही. गावोगावच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी अशी चित्रे नोंदींसह जतन करावीत, असे आम्हांला वाटते.